कच्च्या कैद्यांचे मत

तुरुंगात असलेल्या माणसाला निवडणूक लढविता येते. त्याच निवडणुकीत मत मात्र देता येत नाही. 1977 साली जॉर्ज फर्नांडिस बडोदा डायनामाइट खटल्यातील आरोपी म्हणून कोठडीत असताना मुझफ्फरपूरमधून लोकसभेवर निवडून आले. 2024 साली बारामुल्लाच्या अब्दुल रशीद शेख यांनी तिहारमधून तोच मान मिळविला. लक्षावधींची मते घेणाऱ्या या उमेदवारांना स्वतःचे एक मत टाकण्याचा अधिकार नव्हता. कायद्याची ही विसंगती हसण्यावारी नेण्यासारखी खचितच नाही.

1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 62(5) तुरुंगात अथवा पोलिसांच्या ताब्यात असलेल्या सर्वांनाच मतदानास मज्जाव करते. त्यात शिक्षा झालेला गुन्हेगार आणि खटल्याची वाट पाहणारा कच्चा कैदी असा भेद नाही. 2022 अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील 5 लाख 73 हजार कैद्यांपैकी 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होते; म्हणजे दर चारांतील तिघे! यातील कित्येकांना जामीन मंजूर होऊनही रक्कम वा जामीनदार उभा करता येत नाही. उलट, गुन्हा सिद्ध झालेला सधन माणूस अपिलात जामिनावर सुटला, तर तो मतदान केंद्रावर ताठ मानेने जातो. मताची किंमत अशा रीतीने खिशावरून ठरावी, हे प्रजासत्ताकाला शोभत नाही.

1997 साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरविले. कैद्यांच्या मतदानासाठी जादा पोलिस व साधने लागतील आणि निवडणुकीत गुन्हेगारीला थारा नसावा, अशी कारणे त्यात होती. न्यायालयाचा पूर्ण आदर राखूनही असे म्हणावेसे वाटते की, ज्याचा गुन्हा सिद्धच झालेला नाही त्याला दुसरे कारण लागू पडत नाही. पहिल्याचे उत्तर तर कायद्यातच आहे. प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांना याच कलमाने वगळले असून ते टपाली मतपत्रिकेने मत देतात. जी मतपत्रिका स्थानबद्धाच्या हाती पोहोचते, ती शेजारच्या बराकीतील कच्च्या कैद्याच्या हाती का पोहोचू नये? दक्षिण आफ्रिकेत तर 1999 च्या न्यायनिर्णयानंतर कैद्यांच्या मतदानाची व्यवस्था तेथील निवडणूक आयोगालाच करावी लागली.

संसदेला निकड वाटली की ती किती त्वरेने हालते, हे 2013 साली दिसले. कोठडीतील व्यक्तीला उमेदवारी नाकारणारा निकाल जुलैत लागला आणि त्याच वर्षी कायदा बदलून उमेदवारीची वाट मोकळी झाली. कैद्याचे नाव मतदारयादीत कायम राहील, असेही त्याच दुरुस्तीने ठरविले. यादीत नाव आहे. हाती मत नाही!

तुरुंगात असणे म्हणजे गुन्हेगार असणे नव्हे, हे गोमंतकीयांना तरी सांगावे लागू नये. पोर्तुगीज अमदानीत आग्वादच्या कोठड्यांत कोण माणसे डांबली गेली होती, हे आपण विसरलेलो नाही. शिक्षा झालेल्यांच्या मताधिकाराचा वाद वेगळा आहे. तो खुशाल चालू राहो. निदान ज्याच्यावर गुन्हा शाबीत झालेला नाही, त्याच्यासाठी टपाली मतपत्रिकेची तरतूद संसदेने करावी. कोलवाळच्या तुरुंगातील कच्च्या कैद्याला तारीख केव्हा मिळेल ते न्यायालय ठरवील. मत मात्र त्याला आजच मिळावयास हवे.