घरच्या इस्त्रीवर सर्किट बोर्ड तयार होतो, पण उरलेल्या पाण्याचं काय?

ज्या घरात कुणी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतंय, तिथे प्रोजेक्ट सबमिशनच्या आदल्या रात्री एक सीन हमखास दिसतो. अकरा वाजता इस्त्री गरम होते, पण कपडे कुठेच नसतात. टेबलावर तांब्याचा छोटा बोर्ड, त्याच्यावर जुन्या मासिकाचं चकचकीत पान, आणि त्या पानावर जीव खाऊन इस्त्री दाबणारं पोरगं. तासाभराने बाथरूममध्ये प्लास्टिकचा डबा येतो, त्यात कोऱ्या चहासारखं पाणी. सकाळी फरशीवर पिवळट डाग, जो काही केल्या जात नाही.

हा सगळा उद्योग असतो घरच्या घरी पीसीबी, म्हणजे प्रिंटेड सर्किट बोर्ड बनवण्याचा.

टीव्हीचा रिमोट उघडला की आत जो बोर्ड दिसतो तो पीसीबी. त्यावरच्या रेषा म्हणजे चपट्या केलेल्या वायरीच. पूर्वी रेडिओच्या आत वायरींचं जंजाळ असायचं आणि प्रत्येक टोक हाताने सोल्डर करावं लागायचं. व्हिएन्नाचे ज्यू इंजिनिअर पॉल आयस्लर १९३६ साली लंडनला आले. तिथे त्यांनी छापील सर्किटवर चालणारा रेडिओ बनवला आणि १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. त्यांची कल्पना सरळ होती. वायर जोडत बसण्यापेक्षा तांब्याचा अख्खा पत्रा घ्यायचा आणि नको तेवढं तांबं काढून टाकायचं.

घरी आजही हेच करतात.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात कॉपर क्लॅड मागितलं की कोरा बोर्ड मिळतो. वरचा तांब्याचा थर बहुतेक वेळा ३५ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण निम्मा. डिझाइनसाठी कायकॅड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते १९९२ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालं आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने तयार केलेल्या ईसिममध्येही त्याचा वापर होतो.

आता इस्त्री कशाला? लेझर प्रिंटरची शाई ही शाई नसतेच, ती प्लास्टिकची बारीक पूड असते. उष्णता लागली की ती वितळून तांब्याला चिकटते. म्हणून प्रिंट लेझरचीच लागते, इंकजेटची चालत नाही. चकचकीत कागद अशासाठी की पाण्यात भिजवल्यावर तो बोटाने चोळून निघतो आणि काळी रेघ तेवढी मागे राहते. (झेरॉक्सवाल्याला मासिकाचं पान मशीनमध्ये घालायला सांगितलं की तो कसा बघतो, हे ज्याने सांगितलंय त्यालाच माहीत.) तांबं आधी भांड्याच्या घासणीने लखलखीत घासावं आणि मग त्याला बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणामुळे शाई धरत नाही. कुठे रेघ तुटलीच तर परमनंट मार्करने जोडता येते.

सगळ्यात जास्त बोर्ड फुकट जातात ते मात्र उलट-सुलटच्या गोंधळात. कागद पालथा टाकून इस्त्री फिरवली की चित्र आरशासारखं उलटं उमटतं. ते लक्षात आलं नाही तर बोर्ड दिसायला सुंदर होतो, पण आयसीचे पाय भलत्याच ठिकाणी पडतात. यावर साधा उपाय आहे. डिझाइन करताना तांब्याच्या बाजूला एक अक्षर टाकून ठेवायचं. कागदावर ते उलटं दिसलं तर तांब्यावर सुलटं येणार. कागदावरच सुलटं दिसत असेल तर थांबायचं आणि प्रिंट परत काढायची.

यानंतर येतं ते चहाच्या रंगाचं पाणी. ते असतं फेरिक क्लोराइड. काळी शाई जिथे आहे तिथलं तांबं वाचतं, उघडं तांबं या पाण्यात विरघळून जातं. पूड पाण्यात थोडी थोडी टाकायची, पुडीवर पाणी ओतायचं नाही, कारण विरघळताना ती चांगलीच तापते. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं हवं. स्टीलच्या सिंकलाही हे पाणी खड्डे पाडतं. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लागतो, खिडकी उघडी लागते. डबा हळूहळू हलवत ठेवला की काम लवकर होतं. डबा गरम पाण्याच्या परातीत ठेवला तर आणखी लवकर, पण गॅसवर कधीच नाही. यूट्यूबवर काही जण ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून हेच काम झटपट करून दाखवतात. त्यातून क्लोरीन वायू निघू शकतो. बाथरूमसारख्या बंद जागेत तो प्रयोग नकोच.

नेलपॉलिश रिमूव्हरमधल्या ॲसिटोनने शाई पुसायची, ०.८ किंवा १ मिलिमीटरच्या ड्रिलने भोकं पाडायची, की बोर्ड तयार. ग्लास इपॉक्सीच्या बोर्डची धूळ काचेची असते, त्यामुळे मास्क हवा. आणि अशा बोर्डवर घरचे २३० व्होल्ट आणू नयेत. त्यापेक्षा रेडिमेड ॲडॅप्टर घ्यावा.

चीनमधले कारखाने काही डॉलरमध्ये पाच बोर्ड बनवून देतात, वर हिरवा थर आणि भोकांना आतून तांब्याचा मुलामा देऊन. घरी यातलं काहीच जमत नाही. तरी लोक घरी बनवतात, कारण पार्सल यायला दिवस लागतात आणि सबमिशन उद्या असतं. सर्किट अगदी छोटं असेल तर झिरो पीसीबीवर वायरी जोडून भागतं, तेव्हा एवढा खटाटोप करूच नये.

पण बोर्ड हातात आला की बहुतेक जण जे करतात, ते चुकीचं असतं. डबा संडासात ओततात आणि फ्लश करतात.

त्या पाण्याचा रंग आता हिरवट झालेला असतो, कारण बोर्डवरून गेलेलं तांबं त्यात आहे. तांबं काय करतं हे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला विचारावं. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण तो बुरशी मारायला फवारतो, आणि त्या मोरचुदात हेच तांबं असतं. घराला सेप्टिक टँक असेल तर मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरू शकतात. नाल्यातून नदीत गेलं तर मासे आणि शेवाळाला ते विषारी ठरतं.

एक तर हे पाणी एका बोर्डनंतर संपत नाही. वेग अगदी मंदावेपर्यंत ते पुन्हा पुन्हा वापरता येतं. फक्त कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरू नये. रंग जवळपास तसाच असतो आणि घरात लहान मुलं असतात. दुसऱ्या कुठल्याही प्लास्टिकच्या बाटलीवर ‘विष’ असं ठळक लिहून ती उंचावर ठेवावी.

पाणी खरंच संपलं की ते मोठ्या बादलीत भरपूर साध्या पाण्यात मिसळावं आणि त्यात धुण्याचा सोडा चमच्या-चमच्याने टाकावा. फेस येतो, म्हणून बादली अर्धीच भरलेली आणि उघडी असावी. फेस थांबला की रात्रभर तसंच ठेवावं. तळाला गाळ बसतो, तांबं त्यात उतरतं. वरच्या पाण्यात निळसर झाक असेल तर थोडं तांबं अजून पाण्यातच आहे. गाळ जुन्या कापडातून गाळून, सुकवून पिशवीत बांधावा. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये घरगुती घातक कचरा ओल्या-सुक्या कचऱ्यापासून वेगळा ठेवायला सांगितलं होतं, ही पिशवी त्याच प्रकारात मोडते. विद्यार्थ्यांना त्याहून सोपा रस्ता आहे. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबला विचारावं, त्यांच्याकडेही असाच कचरा रोज तयार होत असतो.