होल्याचा दिग्विजय

फिकट राखी अंगाचा आणि मानेमागें काळी अर्धकंठी असलेला होला आपल्याकडे माळावर, खळ्यावर पुष्कळांनीं पाहिला असेल. पक्षी इतका गरीब कीं, त्याच्यावर व्याख्यान द्यावें असें सहसा कोणास सुचणार नाहीं. पण याच होल्यानें विसाव्या शतकांत बहुतेक युरोप खंड काबीज केलें, आणि तेंही शास्त्रज्ञांच्या डोळ्यांदेखत!

त्याचें शास्त्रीय नांव ‘स्ट्रेप्टोपेलिया डेकाओक्टो’. ग्रीक भाषेंत डेकाओक्टो म्हणजे अठरा. वर्षाकाठीं अवघ्या अठरा नाण्यांवर राबणाऱ्या एका मोलकरणीचें गाऱ्हाणें देवांनीं ऐकलें व हा पक्षी निर्माण केला. तेव्हांपासून तो तिच्या धनिणीच्या कृपणपणाचा डांगोरा पिटीत आहे, अशी दंतकथा आहे. आपल्याला पावशाच्या ओरडण्यांत ‘पेरते व्हा’ ऐकूं येतें, त्यांतलाच हा प्रकार.

१९०० च्या सुमारास युरोपांत या पक्ष्याची वस्ती तुर्कस्तान आणि बाल्कन प्रदेश यांपुरतीच होती. १९३० नंतर मात्र त्यानें मजल दरमजल हंगेरी, ऑस्ट्रिया, जर्मनी हे देश गांठले. १९५० च्या सुमारास तो हॉलंड व डेन्मार्कमध्यें नांदूं लागला. १९५५ सालीं समुद्र ओलांडून त्यानें इंग्लंडांत, नॉरफोक परगण्यांतील क्रोमर येथें घरटें केलें. आणि १९६४ पर्यंत ब्रिटन व आयर्लंड मिळून सुमारें ३,००० जोडपीं झालीं! भूगोल शिकविण्यांत जन्म गेलेल्या मजसारख्या मास्तरास मौज वाटते ती दिशेची. ही सारी वाटचाल बहुशः वायव्येकडे झाली.

इतकीं वर्षें एके ठिकाणीं थबकलेला पक्षी एकाएकीं कां निघाला? त्याच्या आनुवंशिक स्वभावांतच कांहीं पालट झाला असावा, असा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाहीं. साधनें मात्र स्पष्ट दिसतात. मादी एका वेळीं दोनच अंडीं घालते, परंतु वर्षांतून तीन-चार वेळां, कधीं त्याहूनही अधिक. पहिलीं पिलें घरट्यांत असतांनाच पुष्कळदां दुसऱ्या विणीची तयारी सुरू होते. पिलांसाठीं किडे शोधीत हिंडावें लागत नाहीं. आईबापांच्या गळ्यांतील पिशवींत दुधासारखा रस तयार होतो, तोच त्यांना भरवितात. मोठ्यांचें पोट कोंबड्यांपुढें टाकलेल्या दाण्यांवर, गिरण्यांभोंवतीं व कोठारांशीं सांडलेल्या धान्यावर भरतें. हिंवाळ्यांतही हें अन्न आटत नाहीं, म्हणून त्याला दक्षिणेकडे जाण्याची गरज पडत नाहीं. वाढलेलीं पिलें मात्र कधीं कधीं शेंकडों मैल दूर जाऊन संसार थाटतात.

इंग्लंडांत याचा एक भाऊबंद, उन्हाळ्यापुरता येणारा तांबूस होला, गेल्या अर्धशतकांत शेंकडा ९० हून अधिक घटला. तेव्हां नव्या पाहुण्याकडे बोट दाखविणारे निघाले. माझ्या मतें हा आळ टिकणारा नाहीं. तो बिचारा शेतांतील रानतणांच्या बियांवर जगतो. तणनाशकांनीं त्या नाहींशा केल्या, आणि प्रवासाच्या वाटेवर शिकाऱ्यांनीं त्यास टिपलें. दोघांचीं ताटेंच वेगळीं!

अमेरिकेची गोष्ट निराळी, कारण तेथें हा पक्षी मनुष्याच्या हातून गेला. १९७० नंतर बहामा बेटांत कांहीं पाळीव होले पिंजऱ्यांतून सुटले. त्यांची प्रजा फ्लॉरिडांत पोंचली आणि पुढें थेट पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत पसरली. फ्लॉरिडांतील पक्षीनिरीक्षक मात्र कांहीं वर्षें त्याला कोणाचा तरी सुटलेला पाळीव होलाच समजत होते.