बिबट्या ओरडतो, तो आपल्यावर नव्हे

पवन मावळात किंवा राजमाचीच्या वाटेवर रात्री बिबट्याचा आवाज आला, की उजाडायच्या आत तो मोबाइलवर गावभर होतो. सोबत ठरलेलं वाक्य : ‘बिबट्या चवताळलाय, माणसावर येणार.’ कैकदा तो आवाज बिबट्याचा नसतोच. पट्टेरी वाघाची डरकाळी कुठून तरी उचलून ‘लोहगडाचा पायथा, काल रात्री’ म्हणून पुढे ढकललेली असते. शहानिशा कोणी करत नाही, घाबरतं मात्र सगळं गाव.

गैरसमज : बिबट्या ओरडला म्हणजे शिकारीवर निघाला.

वस्तुस्थिती : नेमकं उलट. बिबट्या दबा धरून शिकार करतो. भेकर असो की वाडीतलं कुत्रं, चाहूल लागली की सावज निसटतं. त्यामुळे शिकारीच्या वेळी तो तोंडातून अवाक्षर काढत नाही.

रात्री ऐकू येते ती त्याची हाक. लाकडावर करवत चालावी तशी खर्र-खर्र, श्वास सोडताना आणि घेतानाही. असे दहा-पंधरा खरखराट झाले की तो थांबतो. ही हाक दुसऱ्या बिबट्यांसाठी असते : हा इलाका माझा आहे, किंवा मी जोडीदार शोधतो आहे. शांत रात्री ती किलोमीटरभर सहज जाते. प्रत्येक बिबट्याची हाक वेगळी असते. टांझानियातल्या न्येरेरे राष्ट्रीय उद्यानात एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी केवळ हाकेच्या लयीवरून एकेक बिबट्या सुमारे ९३ टक्के अचूकतेनं ओळखला. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

आणि आपण त्या हाकेवर काय करतो? काठ्या-बॅटऱ्या घेऊन झाडी वेढतो, ‘पिंजरा लावा’ म्हणून अडून बसतो. हा हट्ट किती महागात पडतो, ते आपल्याच पुणे जिल्ह्यात दिसलं आहे. जुन्नर वनविभागात २००१ पासून बिबटे पकडून दुसरीकडे सोडले गेले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हे आकडे मांडले. तरीही एका हाकेवरून पिंजरा मागायचा?

भिण्यासारखा आवाज वेगळा : अगदी जवळून आलेली गुरगुर किंवा फिस्कारणं. ‘मागे हो’ असा तो इशारा असतो. पाठ न दाखवता, न पळता हळूहळू मागे सरकावं.

आणखी काही गैरसमज

- *‘भुंकण्यासारखा आवाज बिबट्याचाच.’* रानातून तो बहुधा भेकराचा येतो. धोका दिसला की भेकर भुंकतं.
- *‘फक्त नर ओरडतो.’* मादीही हाक देते. माजावर आली की जास्तच.
- *‘गळ्यातल्या लवचीक हाडामुळे डरकाळी फुटते.’* तसं हाड हिमबिबट्यालाही आहे, पण तो डरकाळी फोडत नाही. वाघ-सिंहांची डरकाळी त्यांच्या चपट्या, जाड स्वररज्जूंमुळे घुमते, असं २०११ मधला एक अभ्यास सांगतो.
- *‘आवाज नाही म्हणजे बिबट्या नाही.’* सगळ्यात घातक समज हाच.

म्हणून काळजी रोजचीच हवी. अंधार पडल्यावर मुलांना एकटं सोडू नका, गोठा चारही बाजूंनी बंद ठेवा, वाटेवर बोलत, बॅटरी लावून चाला. बिबट्या वस्तीत अडकला तर गर्दी करू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.