‘सोडून दे’ म्हणजे नेमकं काय करायचं?

‘जाऊ दे, सोडून दे आता’ हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त सल्ला. देणाऱ्याचं काही जात नाही आणि घेणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. नवऱ्याच्या आजारपणात एकदाही न फिरकलेला दीर, तीस वर्षांच्या नोकरीनंतर निरोपाच्या दिवशी दोन शब्द न बोललेला साहेब, चारचौघांत झालेला अपमान, वडील गेले त्या रात्री आपण जवळ नव्हतो ही टोचणी. या गोष्टी कोणी हौसेनं धरून ठेवत नाही. बाजारातून आणलेली पिशवी ओट्यावर ठेवावी तसं हे ओझं ठेवता आलं असतं, तर सल्ल्याची वेळच आली नसती.

सोडायचं ठरवल्यावर बहुतेक जण पहिल्यांदा एकच गोष्ट करतात. तो विषय मनात येऊच द्यायचा नाही, असं स्वतःला बजावतात. हा उपाय उलटतो आणि तो उलटतो हे प्रयोगानं दाखवलेलं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, असं सांगितलं. विचार आलाच तर समोरची घंटा वाजवायची. घंटा वाजतच राहिली. पुढे ‘आता खुशाल विचार करा’ म्हटल्यावर, सुरुवातीपासून मुभा मिळालेल्यांपेक्षा आधी विचार दाबणाऱ्यांच्याच मनात अस्वल जास्त वेळा आलं. याचं कारण वेग्नर यांनी असं मांडलं की, विचार दाबताना मनाचा एक भाग सतत पहारा देत असतो, ‘आला का तो?’ म्हणून. चोरावर नजर ठेवणाऱ्याला चोर विसरून कसं चालेल?

मग सगळं बाहेर काढून टाकावं का? भांडी आपटावीत, उशीला गुद्दे मारावेत? तेही नाही. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये सहाशे विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात आधी त्यांना मुद्दाम डिवचलं गेलं. त्यानंतर काहींना डिवचणाऱ्याचा विचार करत मुष्टियुद्धाच्या पिशवीवर ठोसे मारायला दिले, तर काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला, गप्प बसलेल्यांचा सर्वांत कमी. वाफ कोंडली की कुकरची शिट्टी व्हावी लागते, तसं रागाचं नसतं. राग हा सरावानं वाढतो.

तीच गोष्ट रोज फोनवर तासभर तेच तेच सांगण्याची. याला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा अर्थच रवंथ असा आहे. फरक इतकाच, की गाय रवंथ करते ते पचावं म्हणून. आपल्या रवंथानं काही पचत नाही. सुसान नोलन-होक्सेमा या मानसशास्त्रज्ञांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांकडून स्वभावाबद्दलची प्रश्नावली भरून घेतली आणि दोनच आठवड्यांनी, ऑक्टोबर १९८९ मध्ये, त्या भागात मोठा भूकंप झाला. ज्यांना आधीपासूनच दुःख घोळवत बसायची सवय होती, त्यांच्यात भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनीही उदासीची लक्षणं अधिक दिसली. ‘माझ्याच नशिबी का?’ हा प्रश्न मनात दहाव्यांदा आला की ओळखावं, आपण विचार करत नाही आहोत, रवंथ करतो आहोत.

दाबायचं नाही आणि घोळवायचंही नाही, मग करायचं काय? सर्वांत जास्त तपासला गेलेला घरगुती उपाय म्हणजे लिहिणं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये ४६ विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं. काहींनी खोलीचं, चपलांचं वर्णन असं किरकोळ काही लिहिलं, काहींनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक प्रसंगाबद्दल. ज्यांनी काय घडलं आणि तेव्हा काय वाटलं, हे दोन्ही लिहिलं, ते लिहून उठताना अधिक उदास होते. पण पुढच्या सहा महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात जायची वेळ त्यांच्यावर कमी आली. नंतर अशा अभ्यासांची रीघच लागली. २००६ मध्ये जोआन फ्राटारोली यांनी १४६ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा परिणाम खरा, पण लहान निघाला. हे मोकळेपणानं सांगायला हवं, कारण समाजमाध्यमांवर वहीला संजीवनी म्हणून विकणारे पुष्कळ आहेत. पण वही-पेन आणि एका तासाच्या बदल्यात लहानसा फायदाही वाईट नाही.

लिहिण्याच्या रीतीला मात्र महत्त्व आहे. पेनेबेकर यांनी पुढे हे कागद शब्दशः तपासले. चारही दिवस तेच गाऱ्हाणं त्याच शब्दांत लिहिणाऱ्यांना फारसा लाभ झाला नव्हता. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता कळतंय’ असे शब्द वाढत गेले, त्यांना झाला.

समजा, एका बाईंना भावानं हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावलं. आपल्याकडे हा प्रसंग घरोघरी घडतो. त्यांनी सही केली, जेवून परत आल्या आणि आठ वर्षं झाली तरी माहेरचा विषय निघाला की घशाशी आवंढा येतो. पहिल्या दिवशी त्या लिहितील ते भाऊ-भावजयीच्या लबाडीबद्दल. लिहू द्यावं. दुसऱ्या दिवशी आई मध्ये का बोलली नाही, हे येईल. तिसऱ्या दिवशी कदाचित लिहिता लिहिता लक्षात येईल, की दुखणं जमिनीच्या गुंठ्यांचं नव्हतंच. कागद आधीच टाइप करून ठेवला होता, ‘ताई, तुला काय वाटतं?’ असं कोणी विचारलंच नाही, हे ते दुखणं आहे. इथे ओझ्याचा आकार बदलतो. ‘सगळ्यांनी मला फसवलं’ या वाक्याचं काहीच करता येत नाही. ‘मला विचारलं नाही’ हे वाक्य भावाला सांगता येतं. सांगायचं की नाही, हे चौथ्या दिवशी ठरवता येतं.

इथेच एक गफलत टाळायला हवी. मनातला राग सोडणं आणि हक्क सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ मध्ये केली, देशभरात ती २००५ मध्ये झाली. बहिणीनं ‘मन मोठं’ करावं असं सांगणाऱ्यांना बऱ्याचदा तिच्या मनाची नव्हे, सहीची काळजी असते. राग शांत झाल्यावरही वकिलाकडे जाता येतं. किंबहुना तेव्हा डोकं ठिकाणावर असतं.

क्षमेबाबतही तसंच. एव्हरेट वर्दिंग्टन हे क्षमेचे अभ्यासक. त्यांच्या आईचा घरात शिरलेल्या चोरानं खून केला आणि अभ्यासाचा विषय त्यांच्या अंगावरच आला. ते दोन प्रकार वेगळे करतात. सूड घ्यायचा नाही, हा निर्णय एका दिवसात होऊ शकतो. भावना निवायला महिने, वर्षं लागतात. त्यामुळे ‘मी माफ केलं म्हणते, तरी राग येतोच, म्हणजे मी खोटी’ असं मानायचं कारण नाही. आणि माफ केलं म्हणजे त्या माणसाशी पुन्हा जाणंयेणं सुरू केलंच पाहिजे, असंही नाही.

लिहिण्याच्या काही साध्या गोष्टी. एकत्र कुटुंबात वही कोणाच्या हाती लागेल ही भीती खरी असते आणि ती असेल तर माणूस खरं लिहितच नाही. लिहून झाल्यावर कागद फाडून टाकला तरी चालतो. शुद्धलेखनाकडे बघू नये. झोपायच्या तोंडावर लिहू नये, कारण लगेच बरं वाटत नाही, आधी जड वाटतं. चार दिवसांनी थांबावं, नाहीतर वहीतही रवंथच सुरू होतं.

लिहिणं जमत नसेल, तर निदान भावनेला नेमकं नाव द्यावं. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ मधल्या प्रयोगात चेहऱ्यावरची भावना शब्दात सांगताना, मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डला या भागाची हालचाल कमी झालेली दिसली. आपण हल्ली सगळ्यालाच ‘टेन्शन’ म्हणतो. रुसवा, हेवा, सल, ओशाळलेपण, धास्ती, उद्वेग असे इतके शब्द घरात असताना ही कंजुषी कशाला?

रात्री छळणाऱ्या काळज्यांचं गणित निराळं. त्या बहुधा मागच्या नसतात, पुढच्या असतात. टॉमस बोर्कोवेक आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचवलेली युक्ती गमतीशीर वाटते, पण ती उपयोगी पडते. काळजीसाठी रोज अर्धा तास ठरवून द्यायचा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. एरवी काळजी आली की ‘संध्याकाळी सहाला ये’ म्हणायचं. हे दाबणं नव्हे, पुढची तारीख देणं आहे. झोपताना पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिली, तर झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोप लागते, असं २०१८ मध्ये मायकेल स्कलिन यांना ५७ तरुणांच्या अभ्यासात आढळलं.

अपराधीपणाच्या बाबतीत मात्र नुसतं लिहिणं पुरत नाही. चूक खरीच झाली असेल तर माफी मागणं, पैसे परत करणं, राहिलेलं काम करून टाकणं, हाच तिचा उतारा. आणि चूक नसताना टोचणी असेल, जशी ‘त्या रात्री मी तिथे हवा होतो’ ही, तर तीच कहाणी मित्रानं सांगितली असती तर आपण त्याला काय म्हणालो असतो, ते स्वतःचं नाव घेऊन स्वतःला लिहावं. दुसऱ्याशी आपण सहसा इतके निर्दय नसतो.

हे उपाय कधी करू नयेत, तेही सांगायला हवं. दुःख ताजं असताना, मृत्यू किंवा अपघात नुकताच झालेला असताना कोणाला वही घेऊन बसवू नये. तेव्हा सोबत आणि वेळेवर जेवण जास्त कामाचं. घरात मारहाण चालू असेल तर तो ‘भावनिक ओझ्याचा’ प्रश्न नाही, सुरक्षिततेचा आहे. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक, कामातलं लक्ष उडालं असेल, जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोलावं. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.