मणक्यातलं इंजेक्शन डॉक्टर शिकतात कसं?

वसईतल्या होळी भागातून रिक्षाने स्टेशन गाठताना सायटिकावाल्याला रस्त्यातला प्रत्येक खड्डा पार टाचेपर्यंत कळतो. ‘नस दबलीय, मणक्यात इंजेक्शन देऊन बघू,’ असं डॉक्टर म्हणाले की घरात पहिला प्रश्न निघतो: सुई चुकली तर? ती चुकू नये म्हणूनच हे इंजेक्शन देणारे डॉक्टर वेगळं प्रशिक्षण घेतात.

यातले बहुतेक जण मुळात भूलतज्ज्ञ. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात तर भूलशास्त्र, अतिदक्षता आणि वेदना हे तिन्ही एकाच विभागाकडे आहेत. एमडीनंतर फेलोशिप करायची, ज्येष्ठांच्या हाताखाली राबायचं. ‘वर्ल्ड इन्स्टिट्यूट ऑफ पेन’ २००१पासून जी परीक्षा घेते, तिच्यात लेखी आणि तोंडीबरोबर परीक्षकांसमोर मृतदेहावर सुई घालून दाखवावी लागते.

पहिला धडा सुईचा नसतो, यंत्राचा असतो. सी-आर्म म्हणजे रुग्णाभोवती फिरणारं एक्स-रे यंत्र. त्याचं चित्र सपाट. कोणतं हाड वर, कोणतं खाली हे त्यात कळत नाही. रुग्ण पालथा झोपतो. शिकाऊ डॉक्टर आधी यंत्र कलवून मणक्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या दोन कडा एका रेषेत आणतो. मग यंत्र साधारण २० ते ३० अंश बाजूला झुकवतो. आता पडद्यावर मणक्याची हाडं कुत्र्याच्या आकाराची दिसतात. जगभर याला ‘स्कॉटी डॉग’ म्हणतात. त्याच्या डोळ्याखाली नस बाहेर पडते. तिथे सुई किरणांच्या अगदी रेषेत धरली की ती रेघ न दिसता नुसता ठिपका दिसते.

ठिपका दिसला की नवशिक्याला वाटतं, जमलं. पण ठिपका फक्त दिशा सांगतो, खोली नाही. म्हणून यंत्र आडवं फिरवून बाजूचं चित्र घ्यायचं, सुई थोडी सरकवायची, पुन्हा बघायचं. शिकवणारे इथेच हात धरतात: ‘आधी चित्र, मग सुई.’

जागा बरोबर वाटली तरी लगेच औषध देत नाहीत. पडदा चालू ठेवून अर्धा-एक मिलिलिटर कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव, सोडतात. ते नसेच्या कडेने पसरलं तर ठीक. क्षणात नाहीसं झालं तर सुई रक्तवाहिनीत आहे. सिरिंज मागे ओढून रक्त आलं नाही, एवढ्यावर विसंबता येत नाही. मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या काही धमन्या इथूनच जातात. कण असलेलं स्टिरॉइड त्यांत गेलं तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४मध्ये अशा दुर्मीळ पण गंभीर इजांबद्दल इशारा दिला होता. म्हणून या जागी कण नसलेलं डेक्सामेथासोन आधी निवडलं जातं.

हात बसतो तो मृतदेहावर. १९४९च्या शरीरशास्त्र कायद्यामुळे आणि देहदान करणाऱ्यांमुळे महाराष्ट्रात ही सोय आहे. पण मृतदेहात रक्त वाहत नाही. नाहीसं होणारं कॉन्ट्रास्ट तिथे दिसणारच नाही. ते ओळखायला ज्येष्ठ डॉक्टरांशेजारी उभं राहूनच शिकावं लागतं.

स्वतःला जपणंही अभ्यासक्रमात येतं. शिशाचा एप्रन, गळ्याला कॉलर, छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज. अणुऊर्जा नियामक मंडळाची किरणोत्सर्गाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलीसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३०. म्हणून एक्स-रेचं पेडल सतत दाबून धरायचं नाही, क्षणभर दाबून सोडायचं. एक्स-रेची नळी टेबलाखाली ठेवली की उधळलेले किरण डोळ्यांकडे कमी येतात. काही इंजेक्शनं सोनोग्राफीवर बघून देतात; तिच्यात किरणोत्सर्ग नाही, पण यंत्राची नोंदणी आहे, कारण त्यावर गर्भाचं लिंगही कळू शकतं. गर्भलिंगनिदानावर १९८८मध्ये देशात पहिला कायदा महाराष्ट्राने केला. आज केंद्राच्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली गुडघ्याची नस बघणाऱ्या यंत्राचीही नोंद लागते.

शेवटचा भाग नकार देण्याचा. इंजेक्शनने मणक्यांमधली सरकलेली गादी जागेवर बसत नाही. नसेची सूज उतरून काही आठवडे-महिने आराम मिळतो, तेवढ्यात व्यायाम सुरू करायचा असतो. लघवीवरचा ताबा गेला असेल किंवा पाऊल उचलत नसेल, तर रुग्णाला ताबडतोब सर्जनकडे पाठवायचं. इंजेक्शनच ठरलं असेल, तर टेबलावर झोपण्याआधी रुग्णाने तीन गोष्टी खुशाल विचाराव्यात: सुई दोन बाजूंनी बघणार का, कॉन्ट्रास्ट देणार का, स्टिरॉइड कोणतं? नीट शिकलेला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.