मधल्या रंगांचा उपद्रव

कोयनेच्या शिवसागर जलाशयाभोवतीच्या जमिनीचा नकाशा करायचा आहे, असं धरू. उपग्रहचित्रांवरून केलेल्या अशा नकाशात प्रत्येक पिक्सेलला एक आकडा असतो. समजा, १ म्हणजे पाणी, २ म्हणजे वस्ती, ३ म्हणजे जंगल. छापायला मोठा हवा म्हणून कुणीतरी तो नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढत, मोठा केला. पाण्याचा १ आणि जंगलाचा ३ यांच्या मध्ये नवा पिक्सेल आला आणि त्याची किंमत निघाली २. जिथे चिटपाखरू राहत नाही अशा काठाने वस्तीची अख्खी किनार उगवली. चित्र दिसायला मात्र आधीपेक्षा गुळगुळीत!

रंगाला संगणकावर दोन कामं असतात. एक डोळ्याला बरं दिसण्याचं, दुसरं ओळख सांगण्याचं. फोटोत पहिलं काम चालतं. गालावरचा एखादा पिक्सेल २१० ऐवजी २१२ झाला तर कुणाचं काही अडत नाही. नकाशा, बोधचिन्ह, जुन्या गेममधली पात्रं यांत दुसरं काम असतं. पैठणीसारख्या कापडाच्या जॅकार्ड नक्षीचा ग्राफ आता संगणकावर काढता येतो. त्यातला एक चौकोन म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांची एक भेट, आणि चौकोनाचा रंग म्हणजे तिथे कोणता धागा दिसायचा याचा हुकूम. मोराच्या पिसाऱ्याच्या कडेला हिरव्या-जांभळ्याच्या मधला तिसराच रंग शिरला, तर त्याचा धोटा आणायचा कुठून? सॉफ्टवेअरला हे दुसरं काम माहीत नसतं. ते आपल्याला फोटोवाले समजूनच मदतीला येतं, आणि बहुतेक घोळ या मदतीतून होतात.

पहिला घोळ काढतानाच होतो. ब्रशने पांढऱ्यावर काळी रेघ ओढली की तिच्या दोन्ही कडांना करड्या पिक्सेलांची झालर लागते. रेघेच्या पायऱ्या दिसू नयेत म्हणून ही सोय असते. आता आतला भाग बकेटने पिवळा भरा. रंग करड्या झालरीपाशी थांबतो आणि रेघेच्या आतून फिकट कडं राहतं. ते जावं म्हणून टॉलरन्स, म्हणजे रंगातला किती फरक चालवून घ्यायचा ती मर्यादा, वाढवला की बकेट रेघच खायला लागते. मधला मार्ग शोधत बसण्यात अर्थ नाही, कारण तो नसतोच. ब्रश ठेवून पेन्सिल घ्यायची. फोटोशॉपमध्ये आणि गिंपमध्ये ती वेगळी दिली आहे ती यासाठीच. बकेटचा टॉलरन्स शून्यावर आणायचा, सिलेक्शनच्या अँटी-एलियासची टिक काढायची, अक्षरांचीही काढायची, फेदर शून्य. फोटोशॉपच्या मॅजिक वाँडचा टॉलरन्स मुळात ३२ असतो. ‘हाच रंग’ म्हणून आपण बोट ठेवतो तेव्हा ती ३२ पायऱ्या अलीकडचे आणि पलीकडचेही उचलते. रंग उचलणाऱ्या ड्रॉपरलाही आजूबाजूच्या पिक्सेलांची सरासरी घेण्याची सवय असू शकते, तेवढं पाहून घ्यावं.

खरी गंमत आकार बदलताना. सोप्या सरासरीने निदान दोन रंगांच्या मधलेच रंग येतात. फोटोंसाठी सर्रास वापरली जाणारी बायक्यूबिक पद्धत त्याही पुढे जाते. रॉबर्ट कीज यांनी १९८१ साली मांडलेल्या तिच्या रूपात दोन पिक्सेलांच्या बरोबर मधली किंमत काढताना जवळच्या दोघांना प्रत्येकी नऊ सोळांश वजन मिळतं आणि पलीकडच्या दोघांना उणे एक सोळांश. एका ओळीत १००, १००, १००, २०० असे पिक्सेल आहेत. मधल्या दोन शंभरांच्या मध्ये काय यावं? कुणीही १०० म्हणेल. हिशेबात येतात ९३.७५, म्हणजे ९४. कडेच्या पलीकडे, १००, २००, २००, २०० मध्ये, तसेच २०६ येतात. मूळ चित्रात कुठेही नसलेला गडद रंग एका बाजूला, उजळ रंग दुसऱ्या बाजूला. डोळ्याला कड धारदार वाटते, म्हणून लोकांना ही पद्धत आवडते. लँक्झोसच्या नावाने ओळखली जाणारी पद्धतही याच जातीची.

सरासरीतही एक मेख आहे. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेल्या एसआरजीबी या रंगांच्या प्रमाणात ० ते २५५ हे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात. काळ्या-पांढऱ्याची बारीक जाळी लांबून पाहिली तर जेवढा उजेड पोचतो, त्याचा आकडा १८८च्या आसपास असतो. आकड्यांची नुसती सरासरी काढणारं सॉफ्टवेअर देतं १२८. त्यामुळे बारीक नक्षीचं चित्र लहान केलं की काळवंडतं. गिंपने २०१८च्या २.१० आवृत्तीत प्रकाशाच्या प्रमाणात हिशेब करण्याची सोय आणली, तोवर या प्रोग्रॅमला वीसेक वर्षं होऊन गेली होती.

नेमके रंग टिकवायचे तर मोठं करताना सगळ्यात अडाणी पद्धत सगळ्यात प्रामाणिक ठरते: जवळचा पिक्सेल उचला, जसाच्या तसा ठेवा. फोटोशॉपमध्ये तिचं नाव निअरेस्ट नेबर, गिंपमध्ये इंटरपोलेशन ‘नन’. पट मात्र पूर्णांकी ठेवायची. दीडपट केलं तर काही रेघा एक पिक्सेल जाड, काही दोन, आणि चेहऱ्याचा एक डोळा दुसऱ्याहून मोठा.

या अडाणीपणातून एक देखणी वाट १९९२च्या सुमारास लुकासआर्ट्स या गेम कंपनीत निघाली. आयबीएम पीसीच्या ३२० बाय २०० पिक्सेलांसाठी काढलेले गेम मॅकिंटॉशच्या मोठ्या पडद्यावर न्यायचे होते. एरिक जॉन्स्टन यांनी प्रत्येक पिक्सेलाचे चार तुकडे केले. डाव्या-वरच्या तुकड्याने पाहायचं, की डावीकडचा आणि वरचा शेजारी एकाच रंगाचे आहेत का? असतील तर तो रंग घ्यायचा, नसतील तर आपला राखायचा. इतर कोपऱ्यांचंही तसंच, आणि तीन शेजारी सारखे निघाले तर काहीच हलवायचं नाही. तिरक्या रेघांच्या पायऱ्या निवतात आणि पॅलेटमध्ये एकही उपरा रंग शिरत नाही. २००१मध्ये आंद्रेया माझोलेनी यांनी केलेलं स्केल२एक्स याच तर्काने चालतं. पुढे रंग मिसळून आणखी गुळगुळीत करणाऱ्या पद्धती आल्या. मला त्या फाजील वाटतात.

लहान करताना मात्र जवळचा पिक्सेल दगा देतो. एका पिक्सेलची रेघ निवडीत सापडली तर राहते, नाही तर गायब. नकाशावाल्यांकडे यावर उपाय आहे: नव्या पिक्सेलखाली येणाऱ्या जुन्या पिक्सेलांत ज्याचं बहुमत, त्याचा आकडा. नकाशांसाठीच्या जीडीएएल या सॉफ्टवेअरमध्ये ही ‘मोड’ नावाची निवड आहे. बारीक रेघा त्यातही जातात, पण नसलेली वस्ती उगवत नाही.

सगळ्यात भरवशाची तटबंदी म्हणजे इंडेक्स्ड मोड. चित्रात जास्तीत जास्त २५६ रंगांचा तक्ता आणि पिक्सेलात फक्त तक्त्यातला क्रमांक. १९८७च्या जिफमध्येही हीच रीत आहे. अशा चित्राच्या लेयरचा आकार बदलताना गिंप रंग मिसळतच नाही, तुम्ही कोणतीही पद्धत निवडा. फक्त या मोडमध्ये येताना तक्ता आपला आपण द्यायचा आणि डिदरिंग, म्हणजे तक्त्यातल्या रंगांचे ठिपके शिंपडून मधला रंग भासवणं, बंद ठेवायचं. फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांची १९७६ची ठिपक्यांची युक्ती फोटोला वरदान आहे, पण बोधचिन्हाच्या सपाट भगव्यावर ती पुरळ उठवते.

एवढं सांभाळून फाइल जेपेग केली की सगळं पाण्यात. १९९२चं हे प्रमाण चित्राचे आठ बाय आठचे ठोकळे पाडतं, आणि रंगाची माहिती तर अनेकदा चार पिक्सेलांत मिळून एकदाच ठेवतं. पांढऱ्यावरची लाल अक्षरं म्हणून गढुळतात. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून धाडतो त्या लोगोचं हेच झालेलं असतं. पीएनजी मागवावी, तीही डॉक्युमेंट म्हणून.

छपाईत आकड्यांचा अर्थच बदलतो. पडद्यावरचा काळा ०, ०, ० चाररंगी छपाईसाठी बदलला की निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चारही शाया मिळून तयार होतो. दिवाळी अंकाच्या बारीक मजकुरात एखादी प्लेट केसभर सरकली, की जोडाक्षरांच्या काड्यांना रंगीत सावली पडते. मजकुराला काळा शंभर टक्के, बाकी तिन्ही शून्य. पाहायची रीत सोपी आहे: सेपरेशन प्रीव्ह्यूमध्ये काळी प्लेट बंद करायची. मजकूर पानावरून पूर्ण नाहीसा व्हायला हवा. एखादा परिच्छेद करडा होऊन उरलाच, तर तो बहुधा जाहिरातदाराने चित्र म्हणून पाठवलेला असतो, आणि तो नव्याने टाइप करून घेण्याला पर्याय नाही.