टी-२०६ होनस वॅग्नर कार्ड : दुर्मीळता, प्रामाण्य आणि संग्राहकाचा विवेक

प्रस्तावना :
वस्तूचे मूल्य तिची उपयुक्तता व दुर्मीळता यांवर अवलंबून असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षात शिकविले जाते. उपयुक्तता जवळजवळ शून्य असूनही कोट्यवधी रुपयांना विकली जाणारी वस्तू म्हणजे अमेरिकेतील टी-२०६ होनस वॅग्नर हे बेसबॉल कार्ड होय. सुमारे ६.७ सें.मी. उंच व ३.७ सें.मी. रुंद असा हा पुठ्ठ्याचा तुकडा. त्याचे मूल्य कसे घडले आणि त्या मूल्यनिर्मितीत सत्याचे स्थान काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. खेळाडू आणि कार्ड :
होनस वॅग्नर (१८७४-१९५५) हा पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यान उभा राहणारा क्षेत्ररक्षक होता. नॅशनल लीगमध्ये फलंदाजीच्या सरासरीत तो आठ वेळा अव्वल ठरला. १९३६ साली बेसबॉल हॉल ऑफ फेमसाठी निवडल्या गेलेल्या पहिल्या पाच खेळाडूंत त्याचा समावेश होता.

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची रंगीत चित्रे वाटली. पाकिटाला ताठपणा देणे व ग्राहकास पुन्हा दुकानात आणणे, असा या कार्डांचा दुहेरी उपयोग होता. चित्राच्या मागे ‘स्वीट कॅपोरल’, ‘पीडमाँट’ अशा सिगारेटची जाहिरात असे. पाचशेहून अधिक कार्डांच्या या मालिकेला ‘टी-२०६’ हे नाव मात्र नंतर मिळाले. जेफरसन बर्डिक या संग्राहकाने अशा कार्डांची सूची तयार केली. त्यातील ‘टी’ हे अक्षर विसाव्या शतकातील तंबाखू-कार्डांचे निदर्शक आहे. बर्डिकने आपला तीन लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टला दिला.

२. दुर्मीळतेची कारणमीमांसा :
वॅग्नरच्या कार्डाची छपाई लवकरच थांबली. आज त्याच्या सुमारे पन्नास ते साठ प्रती ज्ञात आहेत. छपाई थांबण्यामागे दोन कारणे सांगितली जातात. लहान मुलांनी कार्डासाठी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून वॅग्नरने परवानगी नाकारली, हे पहिले कारण. आपल्या चित्राचा योग्य मोबदला न मिळाल्याने त्याने विरोध केला, हे दुसरे. तो स्वतः तंबाखू चघळत असे, ही बाब पहिल्या मताविरुद्ध पुढे केली जाते. तथापि स्वतःचे व्यसन आणि मुलांविषयीची काळजी एकाच मनुष्यात नांदू शकतात. त्यामुळे तेवढ्यावरून पहिले मत खोटे ठरत नाही. संग्राहकांनी नैतिक कथा अधिक जपली, यात नवल नाही. वस्तूबरोबर तिची कथाही विकत घेतली जाते.

३. प्रामाण्याचा प्रश्न :
या कार्डाची सर्वांत प्रसिद्ध प्रत आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की व त्याचा भागीदार यांनी १९९१ साली ४,५१,००० डॉलरना लिलावात घेतली. दर्जांकन करणाऱ्या संस्थेने तिला दहापैकी आठ गुण दिले. शतकाच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या कार्डाच्या कडा इतक्या तीक्ष्ण कशा, ही कुजबुज मात्र थांबली नाही. तरीही २००७ साली ही प्रत २८ लाख डॉलरना विकली गेली. अखेर २०१३ मध्ये, लिलावातील फसवणुकीच्या खटल्यात, क्रीडावस्तूंच्या एका नामांकित लिलावकर्त्याने आपणच या कार्डाच्या कडा कापल्याचे कबूल केले.

येथे दर्जांकनाची मर्यादा स्पष्ट होते. कडा कापलेले कार्ड नवे दिसते, पण त्याच्या अंगावरचा काळाचा पुरावा नष्ट झालेला असतो. हस्तलिखितांचा अभ्यासक झिजलेल्या पानाला जसा साक्षीदार मानतो, तसेच येथेही घडावयास हवे. बाजाराला हे हळूहळू उमगले असावे. ऑगस्ट २०२१ मध्ये दहापैकी केवळ तीन गुणांची एक प्रत ६६ लाख डॉलरहून अधिक किमतीस, तर ऑगस्ट २०२२ मध्ये दोन गुणांची प्रत ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. झिजलेली, परंतु प्रामाणिक अशा या प्रती होत्या.

निष्कर्ष :
१) जुन्या वस्तूच्या मूल्यात दुर्मीळतेइतकाच तिच्या पूर्वेतिहासाचा वाटा असतो.
२) तज्ज्ञसंस्थेचे गुणांकन हा पुराव्याचा एक भाग आहे, पुराव्याला पर्याय नव्हे. संग्राहकाने मालकीची साखळी, मापे व कडा यांची स्वतंत्र पडताळणी करावी.
३) दुरुस्ती झाली असल्यास ती उघड करणे ही विक्रेत्याची नैतिक जबाबदारी आहे.

गुणांकन हे आपल्याही व्यवसायाचे रोजचे काम आहे. आठ गुणांच्या त्या कार्डाची कथा म्हणूनच प्राध्यापकांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी आहे. गुणपत्रिकेवरील आकडा चकचकीत असला, तरी त्यामागील कडा कोणी कापल्या आहेत काय, हे तपासण्याचे उत्तरदायित्व परीक्षकाला टाळता येत नाही.